धाव आणि पदवी: केनियाचा धावपटू, अमेरिकेचे विद्यापीठ आणि आपले मावळ

बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांत ६ ऑगस्ट २०२२ रोजी बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या शर्यतीत केनियाच्या अब्राहम किबिवॉटपेक्षा सेकंदाच्या अवघ्या पाच शतांशांनी मागे राहून दुसरा आला, आणि १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदके आपल्याच घरी नेण्याचा केनियाचा शिरस्ता त्या दिवशी मोडला. महार रेजिमेंटच्या या जवानाने त्या वर्षीची पुष्कळशी तयारी अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे स्कॉट सिमन्स या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली केली होती. आणि सिमन्स यांच्या तालमीत ज्यांनी नाव काढले त्यांत पॉल चेलिमो, हिलरी बोर यांच्यासारखे धावपटू होते, जे केनियात जन्मले, अमेरिकेच्या महाविद्यालयांत धावण्याच्या शिष्यवृत्तीवर शिकले आणि पुढे अमेरिकेच्या सैन्यात रुजू झाले. केनियाचा मुलगा विद्यापीठातून सैन्यात गेला, मराठी मुलगा बारावीनंतर थेट सैन्यात गेला, आणि दोघे अखेर एकाच प्रशिक्षकाच्या दारी पोहोचले. या दोन वाटांपैकी पहिली कशी तयार झाली, तिच्यावरून चालणाऱ्यांच्या पदरात काय पडले आणि आपल्याकडे ती का तयार झाली नाही, याचा साकल्याने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

केनियातील तरुणांचा अमेरिकेकडे जाणारा ओघ मुळात खेळासाठी सुरू झालेला नाही. ब्रिटिश अमदानीच्या अखेरीस, नव्या राष्ट्राचा कारभार चालविण्यास सुशिक्षित माणसे कोठून आणावयाची या विवंचनेतून, टॉम म्बोया या कामगारपुढाऱ्याने १९५९ पासून अमेरिकन देणग्यांच्या आधारे विद्यार्थ्यांना विमानाने तिकडच्या महाविद्यालयांत धाडण्याची जी तजवीज केली, तिच्यामुळे केनियातील सामान्य कुटुंबांना अमेरिकेचे विद्यापीठ ही आवाक्यातली वस्तू वाटू लागली. १९६०च्या दशकाच्या आरंभी कॉर्नेल विद्यापीठात स्टीफन माचूका हा केनियाचा विद्यार्थी क्रॉस कंट्रीच्या शर्यती जिंकू लागला होता, तरी त्याच्याकडे कुतूहलाच्या पलीकडे कोणी पाहिले नाही. १९६८ साली मेक्सिको शहरात पोलीस खात्यातील किपचोगे केईनोने १५०० मीटरचे सुवर्णपदक मिळविले आणि केनियाचे इतर धावपटूही पदके घेऊन परतले, तेव्हा मात्र अमेरिकन प्रशिक्षकांचे डोळे उघडले, आणि ज्या देशाचे स्थान त्यांना नकाशावर शोधावे लागले असते त्या देशाच्या गावोगावी त्यांची पत्रे जाऊ लागली.

या पत्रव्यवहाराची तीन केंद्रे विशेष नजरेत भरतात. नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठात लेरॉय वॉकर यांनी ज्युलियस सांग आणि रॉबर्ट ऊको यांना घडविले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये चार गुणिले चारशे मीटरचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या केनियाच्या चमूत हे दोघे होते. टेक्सासच्या सरहद्दीवरील एल पासो येथील विद्यापीठाने पूर्व आफ्रिकेच्या धावपटूंच्या जोरावर १९७८ ते १९८१ अशी लागोपाठ चार वर्षे राष्ट्रीय क्रॉस कंट्रीचे सांघिक विजेतेपद घेतले. तिसरे केंद्र वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागातले, गव्हाच्या शेतांनी वेढलेले पुलमन हे लहानसे गाव होय. तेथील राज्य विद्यापीठात जॉन चॅपलिन या प्रशिक्षकाकडे सॅमसन किमोब्वा, हेन्री रोनो, ज्युलियस कोरीर, पीटर कोएच आणि चॅपलिन यांच्यानंतर त्याच विद्यापीठात बर्नार्ड लागात अशी जी मालिका उभी राहिली, तिला तोड सापडणे कठीण आहे.

यांपैकी हेन्री रोनोच्या चरित्राकडे जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण या व्यवस्थेचे वैभव आणि तिचे उणेपण ही दोन्ही त्या एका माणसात एकवटली आहेत. नंदी जमातीत जन्मलेला हा तरुण १९७६ साली पुलमनला आला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रॉस कंट्रीत पहिला आला. १९७७ आणि १९७९ सालीही तोच मान त्याला मिळाला. १९७८ च्या ८ एप्रिलला बर्कली येथे ५००० मीटर, १३ मे रोजी सिअॅटलला स्टीपलचेस, ११ जूनला व्हिएन्नात १०,००० मीटर आणि २७ जूनला ऑस्लो येथे ३००० मीटर, असे चार जागतिक विक्रम त्याने ८१ दिवसांच्या मुदतीत केले, आणि तेही विद्यापीठाचे वर्ग व विद्यापीठाच्या शर्यती सांभाळून. बर्कलीतील १३ मिनिटे ८.४ सेकंदांचा हिशेब मांडला तर दर १६०० मीटरला सुमारे ४ मिनिटे १२ सेकंद पडतात, आणि हा वेग त्याने तसे तीन टप्पे आणि वर आणखी दोनशे मीटर अखंड राखला होता. स्टीपलचेसचा ८ मिनिटे ५.४ सेकंदांचा त्याचा विक्रम अकरा वर्षे टिकला, आणि १९८९ साली तो मोडला तोही पुलमनच्याच पीटर कोएचने.

परंतु याच माणसाला ऑलिंपिकच्या मैदानावर कधी पाऊल ठेवता आले नाही, कारण १९७६ आणि १९८० या दोन्ही वेळा केनियाने बहिष्कार घातला. पुढे मद्याने त्याला ग्रासले, पैसा हातातून निसटला, आणि ज्या देशाने त्याचा जयजयकार केला होता त्याच देशात मोटारी धुण्यासारखी आणि विमानतळावर सामान वाहण्यासारखी कामे करून त्याने दिवस काढले. आयुष्याच्या उत्तरार्धात तो सावरला, मुलांना धावणे शिकवू लागला, मायदेशी परतला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नैरोबी येथे निवर्तला. त्याच्या शोकांतिकेचे खापर एकट्या विद्यापीठावर फोडणे अन्यायाचे होईल. तथापि परक्या मुलखात आलेल्या या तरुणाच्या पायांचा बंदोबस्त जितक्या काळजीने ठेवला गेला तितका त्याच्या आयुष्याचा ठेवला गेला नाही, ही कैफियत नोंदवल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आता या यंत्रणेची घडण पाहू. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या नियमांनुसार विद्यार्थ्याला साधारणपणे चार हंगामांची पात्रता मिळते. शिष्यवृत्ती पूर्ण असेल तर तीत शिक्षणशुल्क, वसतिगृह, भोजन आणि पुस्तके यांचा खर्च येतो. मोबदल्यात त्याने शरद ऋतूत क्रॉस कंट्री, हिवाळ्यात बंदिस्त सभागृहातील शर्यती आणि वसंतापासून जूनपर्यंत खुल्या मैदानावरील स्पर्धा अशा तीन हंगामांत विद्यापीठासाठी धावावयाचे असते. पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठास पुरुषांच्या अॅथलेटिक्ससाठी, क्रॉस कंट्री धरून, १२.६ आणि महिलांसाठी १८ इतक्याच शिष्यवृत्त्यांची मर्यादा कित्येक वर्षे मुक्रर होती, आणि उडी, फेक, धाव या सर्व प्रकारांत त्या वाटाव्या लागत. म्हणून जो गडी एकटाच ५०००, १०,००० आणि स्टीपलचेस अशा दोनतीन प्रकारांत गुण मिळवून देईल तो प्रशिक्षकाच्या दृष्टीने सोन्यासारखा. दूर अंतराच्या केनियन धावपटूला इतकी मागणी का आली, याचे निम्मे उत्तर या रुक्ष जमाखर्चात आहे.

त्याच जमाखर्चातून आक्षेपही उद्भवले. तीन हंगामांत आणि एकाच दिवशी दोन दोन शर्यतींत पळवून विद्यापीठे या मुलांना वयाच्या पंचविशीतच झिजवून टाकतात, असे केनियातील जाणकार म्हणू लागले. तर परक्या, वयाने मोठ्या आणि अनुभवाने मुरलेल्या धावपटूंमुळे आपल्या मुलांची जागा जाते, अशी अमेरिकन पालकांची व प्रशिक्षकांची तक्रार होती. या दुसऱ्या तक्रारीची दखल घेऊन १९८० च्या सुमारास असा नियम झाला की, विसाव्या वाढदिवसानंतर संघटित स्पर्धांत घालविलेली वर्षे पात्रतेच्या हंगामांतून वजा व्हावीत. जॉन बेल या इंग्रज भूगोलतज्ज्ञाने १९९१ साली या स्थलांतरावर स्वतंत्र ग्रंथ लिहून, दरिद्री देशांतील कच्चा माल उचलून श्रीमंत देशांत पक्का करावयाचा या जुन्या व्यापारी नीतीचीच ही क्रीडाक्षेत्रातली आवृत्ती तर नव्हे, असा प्रश्न विचारला. हा आरोप मोडीत काढण्यासारखा नाही. परंतु जे तिकडून शिकून परतले त्यांची नावे समोर ठेवली म्हणजे तो संपूर्ण सत्यही ठरत नाही.

माइक बोइट हा १९७२ च्या ८०० मीटर शर्यतीतील कांस्यपदकाचा मानकरी. ईस्टर्न न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकून, पुढे ऑरेगनमध्ये डॉक्टरेट मिळवून, तो मायदेशी केन्याटा विद्यापीठात प्राध्यापक झाला. पॅट्रिक सांग टेक्सास विद्यापीठात शिकला, १९९२ साली बार्सिलोनात स्टीपलचेसच्या रौप्यपदकाचा मानकरी ठरला आणि पुढे एलियुड किपचोगेचा गुरू म्हणून जगाला माहीत झाला. १९८८ साली सोल येथे १५०० मीटर जिंकणारा पीटर रोनो मेरिलँडच्या माउंट सेंट मेरीज या छोट्या महाविद्यालयाचा, तर ८०० मीटर जिंकणारा पॉल एरेंग व्हर्जिनिया विद्यापीठाचा विद्यार्थी. टेक्सास टेकच्या सॅली किप्येगोने नऊ महाविद्यालयीन विजेतेपदे मिळविली आणि २०१२ साली लंडनला १०,००० मीटरचे रौप्यपदक. न्यू जर्सीतील शाळेतून ऑरेगनला गेलेल्या एडवर्ड चेसेरेकने रिले धरून १७ राष्ट्रीय विजेतेपदे जमा केली. किप्येगो आणि लागात यांनी पुढे अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, म्हणजे केनियाच्या दप्तरी ते वजाबाकीच्या बाजूस लिहिले गेले. थोडक्यात, कोणी शिकून परतला, कोणी तिकडचाच झाला आणि कोणी दोन्हीकडून सुटला. जमेची आणि खर्चाची अशा दोन्ही बाजू या वहीत भरलेल्या आहेत.

१९८० नंतर रस्त्यावरील शर्यतींच्या बक्षिसांचा पैसा धावपटूच्या हाती उघडपणे येऊ लागला आणि युरोपातील दलालांनी केनियात ठाण मांडले, तेव्हा अव्वल दर्जाच्या पुरुषांना चार वर्षे वर्गात बसण्याचे प्रयोजन उरले नाही आणि विद्यापीठाकडचा ओघ मंदावला. तो थांबला मात्र नाही. २००४ साली बोइट आणि जॉन मॅनर्स या अमेरिकन पत्रकाराने रिफ्ट खोऱ्यातील हुशार विद्यार्थ्यांना तिकडच्या नामांकित विद्यापीठांत प्रवेश मिळवून देण्याचा जो उपक्रम काढला, त्यात धावणे हा अभ्यासाच्या जोडीचा गुण धरला गेला, अभ्यासाऐवजीचा नव्हे. अलीकडच्या वर्षांत ओघ पुन्हा वाढला असून अलाबामा विद्यापीठाच्या डोरिस लेम्न्गोलेने २०२४ साली राष्ट्रीय क्रॉस कंट्री जिंकून तो किती जोरकस आहे हे दाखविले आहे.

येथे एका प्रचलित समजाचा परामर्श घेणे अवश्य आहे. केनियाचे यश उंचीवरच्या विरळ हवेचे, असे म्हणून आपण आपल्या उणिवेचा निकाल लावून टाकतो. इटेन हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटरांवर आहे आणि लोणावळे जेमतेम सव्वासहाशेवर, हे खरे. विरळ हवेत वाढलेल्या शरीराला प्राणवायूचा काटकसरीने उपयोग करण्याची सवय लागते, हेही खरे. परंतु तेवढ्याच उंचीवर जगाच्या पाठीवर अनेक वस्त्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेकींनी एकही विश्वविक्रम केलेला नाही. इटेनमध्ये हवेच्या जोडीला सेंट पॅट्रिक्स ही शाळा होती, १९७६ पासून तेथे राहिलेले ब्रदर कोल्म ओ'कॉनेल हे आयर्लंडचे मिशनरी शिक्षक होते, सोलचा विजेता पीटर रोनो त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता. आणि आधी गेलेल्या थोरल्याने मागून येणाऱ्या धाकट्यासाठी प्रशिक्षकाकडे शब्द टाकावा अशी रीत होती. शाळा, शिक्षक, पुढे गेलेला गाववाला आणि पलीकडे वाट पाहणारे विद्यापीठ, ही साखळी हवेपेक्षा अधिक दुर्मिळ वस्तू आहे.

या कसोटीवर आपला इतिहास घासून पाहावा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले आणि १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचा पहिला संघ धाडण्याची खटपट त्यांनी मुख्यतः स्वतःच्या पदरच्या पैशांनी केली. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्या वर्षीचे अंतर आजच्यापेक्षा जास्त, पावणेत्रेचाळीस किलोमीटरचे होते. वळवण आणि शिरोटा या आमच्या मावळातील जलाशयांचे पाणी घाटाखाली सोडून खोपोलीस वीज काढणारे टाटा आणि चौगुल्यांना बेल्जियमला धाडणारे टाटा एकच, याचे स्मरण लोणावळेकरांनी ठेवण्यासारखे आहे. मात्र जलविद्युत योजनेमागे कंपनी उभी राहिली, तशी धावपटूच्या मागे संस्था उभी राहिली नाही. एका उदार गृहस्थाचे औदार्य संपले तेथे ती वाट संपली.

पुढे धावपटूला आश्रय दिला तो लष्कर, पोलीस, रेल्वे आणि सरकारी कंपन्यांनी, आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. साबळेने सियाचिनची नेमणूक भोगली, २०१५ नंतर सैन्यातील क्रॉस कंट्रीतून तो पुढे आला, २०१८ साली भुवनेश्वर येथे गोपाळ सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम त्याने मोडला आणि २०२४ साली पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांपर्यंत मजल मारली. सातारा जिल्ह्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली राष्ट्रकुलचे कांस्य आणि आशियाई स्पर्धांचे रौप्य मिळविले, आणि तिच्याच नाशिकच्या संजीवनी जाधवने २०१७ साली तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धांत १०,००० मीटरचे रौप्य आणले. नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक वर्षानुवर्षे एका जागी टिकला, तेथे एकामागून एक मुली पुढे आल्या, हा योगायोग खास नव्हे. इटेनचाच धडा तो आपल्या भूमीवर गिरविला गेला.

मावळात हा धडा कोठवर आला आहे? कामशेत, वडगाव किंवा तळेगावच्या बाजूस भल्या पहाटे गेल्यास धावणाऱ्या पोरापोरींची वाण पडत नाही. पण त्यांतील बहुतेकांचे अंतर ठरलेले असते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलग्यांना १६०० मीटर धावावयाचे, त्याला वीस गुण; शंभर मीटर आणि गोळाफेक यांना पंधरा पंधरा; मुलींना ८०० मीटर. अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत संपविले तर पूर्ण साठ गुण. चुन्याने आखलेल्या वर्तुळावर फेऱ्या मारीत, पोरे 'ग्राउंड निघाले, आता लेखी' या भाषेत एकमेकांची विचारपूस करतात, आणि ज्याचे ग्राउंड निघाले व लेखीही निघाली त्याची धाव त्या दिवशी संपते. म्हणजे ज्या अंतरावर हेन्री रोनोचा पहिला टप्पा पुरा होई तेथे आमच्या पोराची शर्यतच संपते, आणि त्याच्यात दहा हजार मीटरचा धावपटू दडला होता की नाही हे तपासण्याची गरज कोणालाच, त्यालाही, वाटत नाही. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटरांची चढण आणि लोहगड-विसापूरच्या पायथ्याचे रस्ते हे कोणत्याही प्रशिक्षकाने हेवा करावा असे साधन आहे. मुंबई-पुण्याचे हौशी धावक लोणावळ्याच्या घाटवाटांवर पन्नास किलोमीटरच्या शर्यतींना येतात, गावची पोरे कडेला उभी राहून त्यांना पाणी देतात.

या पोरांना दोष देणे शहाणपणाचे नाही. पगार, घर आणि लग्नाच्या बाजारातली पत या तिन्ही गोष्टी ज्या सोळाशे मीटरांवर अवलंबून आहेत, ते अंतर सोडून अनिश्चित अशा दहा हजारांकडे वळा, हा उपदेश सुरक्षित नोकरीत बसलेल्याने करू नये. परंतु २०२२ पासून हिशेबाची एक बाजू बदलली आहे. अग्निपथ योजनेत सैन्याची नोकरी चार वर्षांची झाली. मुदत संपल्यावर चौघांतला एकच कायम होतो आणि इतरांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी घेऊन घरी यावे लागते. अमेरिकन विद्यापीठातील पात्रताही चारच हंगामांची. तेथून बाहेर पडणाऱ्याच्या हाती, तो चिकाटीने शिकला असेल तर, पदवी असते. धावण्याच्या मोबदल्यात कायमची नोकरी हा जो आपला जुना सौदा होता, तोच मुदतीचा झाला, तेव्हा धावण्याच्या मोबदल्यात शिक्षण या दुसऱ्या सौद्याकडे पाठ फिरविणे यापुढे परवडणारे नाही.

त्यासाठी मावळच्या मुलांनी अमेरिका गाठलीच पाहिजे असे मुळीच नाही, आणि रोनोचे चरित्र वाचल्यावर तसा आग्रह धरणे धारिष्ट्याचे होईल. आपल्या राज्यात दहावी-बारावीच्या खेळाडूस पंचवीसपर्यंत सवलतीचे गुण आहेत, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत, बालेवाडीचे क्रीडासंकुल मावळच्या वेशीपासून फार दूर नाही, आणि १९०६ पासूनचा डेक्कन जिमखाना, २००१ पासूनची लष्कराची क्रीडासंस्था या पुण्यातच आहेत. स्वामी कुवलयानंदांनी तर १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून श्वासोच्छ्वासाच्या क्रिया प्रयोगशाळेत मोजण्यास आरंभ केला, आणि योगाच्या शिक्षणासाठी तेथे महाविद्यालयही निघाले. गुण, राखीव जागा, मैदान, प्रयोगशाळा, सारे आहे. परंतु या सवलती शर्यतीच्या आधी किंवा नंतर मिळतात. शर्यत चालू असताना, अठरा ते बावीस या वयात, धावपटूला राहण्याची खोली, दोन वेळचे नेमके जेवण, रोजचा प्रशिक्षक, परीक्षेच्या तारखेत सवलत आणि वर्षात एका आंतरविद्यापीठ स्पर्धेपेक्षा जास्त शर्यती देऊ करील अशा महाविद्यालयाची तरतूद तेवढी कोणी केलेली नाही.

केनियाच्या साठ वर्षांच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष मला एवढाच दिसतो. ज्यांना विद्यापीठाने केवळ धावावयास बोलाविले ते धाव संपताच उघडे पडले. ज्यांना विद्यापीठाने धावता धावता शिकविले, ते बोइट किंवा पॅट्रिक सांग यांच्यासारखे मायदेशी परतून पुढच्या पिढीचे प्राध्यापक आणि प्रशिक्षक झाले, आणि साखळीची पुढची कडी त्यांनीच जोडली. तेव्हा तळेगाव-लोणावळ्याच्या परिसरातील एखाद्या महाविद्यालयाने दरसाल दहा दूर अंतराचे धावपटू, पाच मुलगे आणि पाच मुली, वसतिगृहासह दाखल करून घ्यावेत, चार वर्षे एकच प्रशिक्षक नेमावा, आणि पदवी न घेता कोणी बाहेर पडला तर ते अपयश धावपटूचे नसून आपले आहे असे आपल्या अहवालात लिहिण्याची तयारी ठेवावी. या तरतुदीला विश्वविक्रमाची हमी नको आणि २,४०० मीटरांची उंचीही नको. एका मध्यम महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात ती बसण्यासारखी आहे.